आठ वर्षांचा खंड

थोरलीला कळलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. फोन टुणकन वाजला, तिने ओल्या बोटाने उघडला आणि वाचलं: "आपला अर्ज प्राथमिक छाननीत बाद झाला आहे. कारण: कामातील खंड, आठ वर्षे." पुढे तसदीबद्दल आभार. आभार कसले मानतात मेले! तिने अर्धा सोललेला बटाटा भांड्यात असा आपटला की पाणी भिंतीपर्यंत उडालं.

खंड म्हणे! बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून ते गेले तोपर्यंतची ती आठ वर्षं. त्यात थोरलीने काय केलं म्हणाल, तर पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून बाबांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. चमच्याने भरवलं, आणि घास तोंडात धरून बसले की गालाला बोट लावून गिळायला लावलं. चादरी धुतल्या, वाळल्या नाहीत तर इस्त्री फिरवून वाळवल्या. अंगात ताप असताना केलं, कंबर धरलेली असताना केलं. आणि या सगळ्याला सरकारदरबारी खंड म्हणतात. जशी काही बाई आठ वर्षं पाय पसरून बसली होती!

त्याआधी थोरली दात बनवायची. कवळ्या, कॅप, एकेकटे खोटे दात. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे, आणि ही एका छोट्या लॅबमध्ये खिडकीपाशी बसून मेणात दात कोरायची. शेजारच्या खऱ्या दाताचा पिवळेपणासुद्धा असा मिळवायची की बायकोचा खोटा दात कुठला, ते नवऱ्यालाही सांगता येऊ नये. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. हिचं चांगलं भरत होतं. लग्न तिने केलं नाही, पण ते तिचं तिने ठरवलं होतं आणि त्याचं खापर ती कुणावर फोडत नसे. बाबा आजारी पडले तेव्हा धाकटी बहीण पीएचडीच्या ऐन मध्यावर होती. दोघींपैकी एकीला घरी राहणं भाग होतं. "तू शीक, मी बघते," थोरली म्हणाली, आणि तेवढ्या बोलण्यावर ते ठरून गेलं.

धाकटी शिकली, अगदी नाव काढलं. आता ती अर्थशास्त्रातली मोठी बाई आहे, टीव्हीवर येते, मंत्री तिला मॅडम म्हणतात. घरात अजून चिंगीच. नोकरी कुणाला मिळते आणि कुणाला नाही, हा तिचा विषय. त्यासाठी तिने एक भन्नाट उद्योग केला होता. शेकडो खोटे अर्ज जोडीजोडीने तयार केले. जोडीतले दोन्ही अर्ज सगळ्या बाबतीत सारखे, फरक एकच. एकावर बाईचं नाव, दुसऱ्यावर बुवाचं. एकावर चांगल्या वस्तीचा पत्ता, दुसऱ्यावर बदनाम वस्तीचा. एकात लिहिलेलं, "घरी आजारी माणूस होतं म्हणून काम थांबवलं," दुसऱ्यात तो मजकूर नाही. मग हे अर्ज खऱ्या कारखान्यांना आणि कार्यालयांना पाठवायचे आणि कुणाला बोलावणं येतं ते मोजायचं. आजारी माणसाचा उल्लेख दिसला की साहेबलोक अर्ज बाजूला सारतात, हे तिने आकड्यांनिशी दाखवून दिलं.

त्यावरून सरकारने नियम काढला: निनावी अर्ज. नाव, पत्ता, बाई की बुवा, घरची कारणं, सगळं झाकायचं, फक्त काम दिसलं पाहिजे. ज्या दिवशी तो लागू झाला त्या दिवशी थोरलीने बाबांच्या कानात ओरडून सांगितलं आणि मग अख्ख्या जिन्याला सांगितलं की आमच्या चिंगीचा कायदा आला!

बाबा गेले. थोरलीची जुनी लॅब तोवर बंद पडली होती. हाताने दात बनवणारी एकच जागा उरली होती, सरकारी दवाखान्याची लॅब, आणि तिथे एक जागा निघाली. वयाची अट पंचेचाळीस. थोरलीला चव्वेचाळीस पूर्ण झालेली, आणि भरती काही दरवर्षी निघत नाही. म्हणजे ही शेवटचीच. हुकली की दात बनवणं कायमचं संपलं आणि आयुष्यभर कुणाच्या तरी घरी आजारी माणसं उलटीपालटी करत बसायचं. अर्ज भरताना तिला दिसलं होतं की खंडाचा रकाना आहे पण कारणाचा नाही. तिने मनात म्हटलं, चिंगीने केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल.

हात पुसून तिने मास्तरांना फोन लावला. जुन्या लॅबमध्ये मास्तरांनीच तिला कोरायला शिकवलं होतं, आणि आता ते त्या दवाखान्याच्या लॅबचे मुख्य होते.

"मास्तर, माझा अर्ज बाद!"

"मला वाटलंच," मास्तर म्हणाले. "अगं, माझ्या टेबलावर सात अर्ज आलेत. ना नाव, ना गाव. मी आपला शोधतोय, यातली आमची कार्टी कुठली. तुझा माझ्यापर्यंत पोचलाच नाही."

"पण का?"

"कारण विचारायचं नाही असा नियम झाला ना! मग वरच्या बाबूंनी सरळ रेघ मारली. पाच वर्षांच्या वर खंड असला की न वाचता बाजूला. काय सांगावं, म्हणतात, माणूस तुरुंगात असेल, नाहीतर दारू पीत असेल. पूर्वी मी नाव बघून बोलावलं असतं तुला."

"पूर्वी तुम्ही मला बोलावलं असतंत, आणि तुमच्या शेजारचा साहेब त्याच्या मेव्हण्याला."

"तेही खरंच," मास्तर म्हणाले. मग हळूच म्हणाले, "यात मी काय बोलू, पोरी? आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरात विचार."

थोरली रात्रभर धुमसली. सकाळी भांडी घासली ती अशी की शेजारणीने भिंतीवर टकटक केली.

आणि योगायोग बघा, दुपारी धाकटी स्वतःच दारात उभी. ओठांवर रुमाल दाबलेला. "ताई, दात पडला," ती रुमालातून म्हणाली. "उद्या त्या निनावी अर्जाच्या नियमावर समितीपुढे सुनावणी आहे गं. माझा डॉक्टर गावाला गेलाय. तूच बसव ना."

हा दात म्हणजे समोरचा, वरचा. शाळेत असताना धाकटी झोपाळ्यावरून तोंडावर आपटली होती आणि दात अर्धा तुटला होता. पुढे थोरली कामाला लागली तेव्हा तिने त्याच्यावर कॅप बनवली. तिच्या हातची पहिली कॅप. टीव्हीवर धाकटी हसते तेव्हा चमकतो तो थोरलीचा दात. कॅप तोंडात बसवणं हे डॉक्टरचं काम, थोरलीचं नव्हे, पण घरच्या घरी कोण विचारतंय? एकदा अशीच निघाली होती, तेव्हाही हिनेच बसवली होती.

थोरलीने आधी हात धुतले. खिडकीशी बाबांची खुर्ची होती, तिच्यात तिला बसवलं. मान मागे, तोंड उघडं. ओठाखाली कापसाचे बोळे कोंबले. कॅप उकळून घेतली, आतला जुना सिमेंटचा थर खरवडायला घेतला. आणि मग बोलायला लागली.

"माझा अर्ज बाद झाला, चिंगे."

"आँ?"

"तोंड मिटू नकोस, कोरडं राहायला पाहिजे. खंड, आठ वर्षं. कारण लिहायला जागा नाही. कुणी काढली जागा? तू काढलीस. का, तर कारण वाचून लोक अर्ज फेकतात. बरोबर आहे, फेकतात. म्हणून तू कारण झाकलंस आणि खंड उघडा ठेवलास! रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अगं, ज्याची लाज वाटायला नको ते झाकलंस आणि ज्याच्यावर बोट ठेवतील ते चव्हाट्यावर मांडलंस!"

धाकटीने हात हलवून काहीतरी खुणावलं. डोळे मोठे झाले होते.

"हात खाली. तुझ्या त्या खोट्या अर्जांतल्या बायकांना बोलावणी आली ना? जगात नसलेल्या बायकांना! आणि खरी बहीण बसली बटाटे सोलत. सांग, तुझ्या त्या बायकांचा खंड किती वर्षांचा होता?"

तिने कापूस ओढून काढला. समोरच्या दाताच्या जागी घासलेला खुंट दिसत होता, आणि एवढी मोठी मॅडम एकदम शाळेतली पोर दिसायला लागली होती.

"एक," ती म्हणाली.

"एक काय?"

"एक वर्ष. सगळ्या अर्जांत एकच वर्ष धरलं होतं."

"एक का?"

"तसंच धरतात, ताई. मोठा खंड धरला की जोड्या जुळवायला अवघड जातं. एक वर्षाचा असला की बाकी सगळं सारखं ठेवता येतं. जगभर तसंच करतात."

थोरलीच्या हातातली कॅप थांबली. "तू हे अर्ज लिहीत होतीस कुठे? इथेच ना? या टेबलापाशी. पलीकडच्या पलंगावर बाबा होते. त्यांच्या आजारपणाचं सहावं वर्ष चाललं होतं. तू चहा मागायचीस आणि मी बाबांच्या अंगाखालची चादर ओढता ओढता म्हणायचे, थांब जरा. आणि तुला तिथे बसून एक वर्ष सुचलं?"

खरं सांगायचं तर धाकटीच्या डोळ्यांसमोर सहावं वर्ष चालू होतं आणि तिने पुस्तकात बघून एक लिहिलं होतं. शिकलेल्या माणसांचं असंच असतं बाई. घरातलं त्यांना दिसत नाही, छापून आलं की मग दिसतं.

"ताई, मी दवाखान्यात फोन करते," ती शेवटी म्हणाली. "सचिव ओळखीचे आहेत. तुझा अर्ज वरून मागवून घेतील."

आता मात्र थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली. "वशिला? जन्मभर वशिल्याच्या नावाने शंख केलास आणि आता बहिणीला मागच्या दाराने घुसवणार? मग पुढच्या दारात तिष्ठत उभ्या असलेल्या बाकीच्या बायकांचं काय? आईबापाचं केलेल्या, सासूचं केलेल्या, अधू पोराचं केलेल्या? त्यांना आहे का चिंगी?"

"मग मी काय करू?"

"उद्या बोल. पाच वर्षांच्या वर खंड असला की अर्ज बाद, ही रेघ चुकीची आहे, एक वर्ष धरलं ते चुकलं, एवढं बोल."

"आमच्या संस्थेचं पुढचं काम त्या समितीच्याच हातात आहे गं. संचालक मला फाडून खातील."

"खाऊ देत. बोलणार की नाही?"

धाकटीने मान हलवली. हो म्हणून. थोरली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग ती कपाटाशी गेली, आत दोन डब्या होत्या त्यांतली एक उचलली, सिमेंट कालवलं आणि कॅप बसवून अंगठ्याने दाबून धरली. "चावू नकोस," एवढंच म्हणाली.

सुनावणी एका मोठ्या दालनात होती. गार हवा, लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. मागे लोकांसाठी खुर्च्या मांडलेल्या, पण लोक कोण येणार? दोन पत्रकार, चार-पाच कारकून, आणि शेवटच्या रांगेत पर्स मांडीवर धरून थोरली.

अध्यक्ष गोरेगोमटे, हसतमुख. त्यांनी धाकटीला विचारलं, "निनावी अर्जामुळे स्त्रियांना येणारी बोलावणी वाढली का?"

"वाढली."

"मागास वस्त्यांतल्या उमेदवारांना?"

"त्यांनाही."

"वा! म्हणजे आपल्या कार्यालयांत आता सगळ्या प्रकारची माणसं दिसायला लागली. फोटोतसुद्धा छान दिसतं ते." टेबलावरची मंडळी हसली. "बरं, कुणाचं नुकसान?"

थोरली पुढे सरकून बसली.

"ज्यांचा खंड मोठा आहे," धाकटी म्हणाली, "अशा गटात थोडी घट दिसते."

"किती मोठा गट आहे हा?"

"एकूणात लहान."

"सरासरीवर परिणाम?"

"नाही."

"म्हणजे उल्लेखनीय म्हणता येणार नाही."

धाकटीने समोरच्या कागदांकडे पाहिलं. शेजारी तिचे संचालक बसले होते, त्यांनी घसा खाकरला. "तसं... म्हणता येणार नाही," ती म्हणाली.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मान हलवते आणि फिरते! दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणि त्यातले दाखवायचे मी बनवून दिलेले! ती उभी राहिली. पर्स खाली पडली, पडू दे.

"अहो साहेब, मला बोलायचंय."

"बाई, नागरिकांनी बोलण्यासाठी आधी अर्ज करायचा असतो."

"केला होता अर्ज. तुम्ही तो बाद केलात."

पत्रकारांनी माना वळवल्या. शिपाई दोन पावलं पुढे आला आणि काय करावं ते न कळून थांबला.

"माझा खंड आठ वर्षांचा," थोरली म्हणाली. "मी दात बनवते. तुमच्या अर्जात खंडाचा रकाना आहे, कारणाचा नाही. म्हणून तोंडी सांगते. माझं कारण तिथे बसलंय. त्या माइकसमोर. मी घरी राहिले म्हणून ते शिकलं, आणि शिकून त्याने हा नियम केला. विचारा त्याला, मी उल्लेखनीय आहे की नाही!"

एका पत्रकाराने वही उघडली आणि घाईघाईने लिहायला घेतलं.

"तुम्ही ओळखता यांना?" अध्यक्षांनी धाकटीला विचारलं.

धाकटीने मान खाली घातली. "माझी ताई आहे."

"अच्छा, अच्छा!" अध्यक्षांना हायसं वाटलं. ते खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे हे घरगुती प्रकरण आहे."

हशा पिकला. अगदी मनमोकळा. संचालकसुद्धा हसले. आणि थोरलीने पाहिलं, त्या हशाने धाकटीची मान हळूहळू वर आली. लहानपणी कुणी तिची वेणी ओढली की मारायला धावण्याआधी यायची, तशीच.

"घरगुतीच आहे, साहेब," धाकटी म्हणाली. "तुमच्या आई आहेत ना?"

"काय?"

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, त्या अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना कोण भरवतं?"

"मॅडम, हा प्रश्न इथे गैरलागू आहे."

"कोण भरवतं?"

अध्यक्षांनी बाटलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "मिसेस बघते."

"त्या आधी काय करायच्या?"

"शिकवायची. कॉलेजात."

"सोडून किती वर्षं झाली?"

अध्यक्षांनी बाटली बाजूला सरकवली आणि समोरचे कागद चाळायला घेतले.

"त्यांनी उद्या नोकरीसाठी अर्ज केला तर तुमच्याच चाळणीत अडकतील. गट लहान आहे म्हणता? लहान नाही. लहान दिसतो, कारण अशा बायका अर्जच करत नाहीत, करून उपयोग नाही हे त्यांना माहीत असतं. त्या माझ्या सरासरीत आल्याच नाहीत. आणि मी खंड एक वर्षाचा धरला ती माझी चूक. सोपं जातं म्हणून धरला. घरात सहावं वर्ष चालू असताना धरला." तिने संचालकांकडे वळूनही पाहिलं नाही. "हे अहवालात पहिल्या पानावर जाऊ द्या. माझ्या नावानिशी."

समिती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. थोरली बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. राग गेला नव्हता, नुसता दमला होता. धाकटी आली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती आणि डोळे लाल.

"पाच वर्षांची रेघ पुसली," ती शेजारी बसत म्हणाली. "खंड असला की कागद बघायचे नाहीत, सरळ हाताच्या कामाची परीक्षा घ्यायची."

"या भरतीपासून?"

"पुढच्या."

थोरलीने मान डोलावली. रस्त्यावर एक ट्रक मागे मागे येत होता, त्याची टीं टीं संपेपर्यंत ती थांबली. "पुढच्या भरतीला मी पंचेचाळीस ओलांडलेली असेन."

"माहीत आहे."

"वयाची अट कुणी घातली?"

"जुनी आहे गं. कुणी घातली कुणालाच माहीत नाही. ताई, मी आज जेवढं बोलले तेवढ्याने माझी नोकरी राहते की जाते ते..."

"तो दात कच्चा बसवलाय," थोरली म्हणाली.

धाकटीचा हात आपोआप ओठांकडे गेला. "काय?"

"कच्च्या सिमेंटने. आठवडाभर धरेल. काल तू मान हलवलीस, पण मला तुझा भरवसा नव्हता. आणि बघ, नव्हता ते बरोबरच होतं."

"मी बोलले ना शेवटी!"

"मी बोंबलल्यावर बोललीस. चिंगे, मी तुझ्यासाठी आठ वर्षं थांबले, तुला मी एक आठवडा देते. वयाची अट काढून आण. मग ये, पक्का बसवते."

"आणि नाही निघाली तर?"

"तर समोरच्या दाताची खिडकी उघडी ठेवून भाषणं दे."

थोरली हसत नव्हती. धाकटीने जिभेने दात चाचपून पाहिला, पिशवी सावरली आणि उठून पुन्हा त्याच पायऱ्या चढायला लागली.